चौकटीला अर्थ कोण देतो?

शासकीय कार्यालयात नवी संगणकप्रणाली आणायची ठरली की पहिल्या काही महिन्यांत एक जाडजूड दस्तऐवज तयार होतो. व्यवहारात त्याला एस.आर.एस. म्हणतात, आपण त्याला आवश्यकता-पत्रक म्हणू. प्रणालीने काय काय करावे हे त्यात लिहिलेले असते, आणि लिहिण्यापेक्षा अधिक ते चित्रांनी दाखवलेले असते. पानोपानी चौकटी, वर्तुळे, शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणा आणि त्यांना जोडणारे बाण. खात्याचा अधिकारी त्यावर सही करतो, सॉफ्टवेअर कंपनीचा प्रतिनिधीही करतो, आणि दोन्ही बाजू मानतात की एकमत झाले. प्रत्यक्षात एकमत झालेले असते ते चित्राविषयी. त्या चित्राच्या अर्थाविषयी ते झालेले असतेच असे नाही. हे अंतर केव्हा ध्यानात आले, ते मिटवण्यासाठी गेल्या काही दशकांत कोणी कोणते प्रयत्न केले आणि त्यांत पुण्या-मुंबईचा वाटा काय, हे या लेखात मांडायचे आहे. विषय वरवर संगणकशास्त्राचा दिसतो. परंतु नियमाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील मूळ प्रश्न प्रशासनाचा आहे.

चित्राला अर्थ द्यावा लागतो ही गोष्ट आमच्या भिलाईत समजावून सांगणे सोपे आहे. मी राहतो त्या नेहरू नगरात पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेकांचे आयुष्य तांत्रिक रेखाचित्रे वाचण्यात गेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परक्या देशातील आरेखनावरून चार वर्षांत एवढा डोलारा उभा राहू शकला, याचे एक कारण असे की अभियांत्रिकी रेखाचित्राचा अर्थ तोवर पक्का झालेला होता. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा भूमितीय पाया घातला. एखाद्या वस्तूची समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी दृश्ये कागदावर कशी मांडायची, याचे नियम त्यातून आले. तरीही त्यात एक फट होती. युरोपात आणि सोव्हिएत संघात ‘प्रथम कोन’ पद्धत चाले. तीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकेत ‘तृतीय कोन’ पद्धत. तीत तेच दृश्य वर काढतात. रेषा त्याच असतात, परंतु चुकीच्या पद्धतीने वाचल्यास डाव्या बाजूचे छिद्र उजवीकडे पडते. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचे एक लहानसे चिन्ह काढण्याचा प्रघात पडला. हे रेखाचित्र कोणत्या पद्धतीने वाचावे, एवढेच ते चिन्ह सांगते.

सॉफ्टवेअरच्या आवश्यकता दाखवणाऱ्या चित्रांना असे कोपऱ्यातील चिन्ह दीर्घकाळ नव्हते. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्ये गणनाचा क्रम दाखवण्यासाठी प्रवाहचित्रे वापरली. पुढे ती फ्लोचार्ट या नावाने घरोघरी पोहोचली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी माहितीचे घटक आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी पद्धत मांडली. १९७८ च्या सुमारास टॉम डीमार्को यांच्या ग्रंथामुळे डेटा फ्लो डायग्राम प्रचारात आले. या सर्वांचा गुण एकच: गणित न शिकलेल्या माणसालाही ती वाचता येत. सत्तरच्या दशकातील खात्यांना आणि कंपन्यांना नेमके तेच हवे होते.

दोषही त्याच गुणातून आला. डेटा फ्लो डायग्राममधील एक साधे वर्तुळ घ्या. त्यावर ‘अर्ज छाननी’ असे लिहिले आहे. त्यात दोन बाण शिरतात; एकावर ‘उत्पन्नाचा दाखला’ आणि दुसऱ्यावर ‘रहिवासी दाखला’. आता छाननी सुरू होण्यासाठी दोन्ही दाखले हवेत, की एक आला तरी चालेल? चित्र याचे उत्तर देत नाही. अधिकाऱ्याला उत्तर ठाऊक असते, म्हणून त्याला प्रश्नच पडत नाही. प्रोग्रामरला उत्तर ठाऊक नसते, परंतु त्याला काहीतरी लिहावेच लागते. यंत्राला ‘पाहून घेऊ’ असे सांगता येत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे एक पर्याय निवडतो. त्या क्षणी एक नियम तयार झालेला असतो, आणि तो करणाऱ्याला नियम करण्याचा कोणताही अधिकार नसतो.

या प्रश्नाला खरी धार आली ती स्टेटचार्टमुळे. इस्रायलचे डेव्हिड हारेल १९८३ मध्ये लावी या लढाऊ विमानाच्या प्रकल्पावर सल्लागार होते. विमानातील यंत्रणा कोणत्या अवस्थेत असताना कोणती घटना घडली तर काय करते, हे अभियंत्यांना तोंडी सांगता येई, पण सलग आणि पूर्ण असे कोठेच लिहिलेले नव्हते. हारेल यांनी अवस्थांसाठी चौकटी आणि बदलांसाठी बाण घेतले, आणि चौकटीत चौकट काढण्याची सोय केली. १९८७ मध्ये त्यांचा या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

महसूल खात्यातील माणसाला ही पद्धत लगेच आपलीशी वाटेल, कारण आपली प्रत्येक नस्ती अवस्थांमधूनच फिरते. समजावण्यासाठी मी एक उदाहरण रचतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार जमिनीतील हक्काचा बदल फेरफार नोंदवहीत लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, अन्यथा नोंद प्रमाणित होते. आमच्या छत्तीसगडमध्ये याच कामाला नामांतरण म्हणतात. आता याचे स्टेटचार्ट काढू. ‘प्रलंबित’ ही मोठी चौकट. तिच्या आत ‘नोटीस बजावली’ ही लहान चौकट. लहान चौकटीतून एक बाण निघतो: मुदत संपली की ‘प्रमाणनास योग्य’. मोठ्या चौकटीच्या कडेवरून दुसरा बाण निघतो: मुदत संपली आणि हरकत नोंदलेली असेल तर ‘विवादग्रस्त’. समजा हरकत नोंदलेली आहे आणि मुदत संपली. आता दोन्ही बाण लागू होतात. नस्ती कोणत्या वाटेने जावी?

याचे उत्तर चित्राच्या अर्थावर अवलंबून आहे, आणि तो अर्थ इतिहासात एक राहिलेला नाही. हारेल यांच्या स्टेटमेट या साधनात बाहेरच्या चौकटीचा बाण श्रेष्ठ. म्हणजे प्रकरण विवादग्रस्त ठरेल. या नियमांची सविस्तर मांडणी हारेल आणि अमनोन नामाद यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु नोव्हेंबर १९९७ मध्ये यूएमएल ही भाषा उद्योगाचे मानक म्हणून स्वीकारली गेली, आणि तिने स्टेटचार्ट उचलताना नियम उलटा ठेवला: आतल्या चौकटीचा बाण श्रेष्ठ. म्हणजे तेच चित्र यूएमएलच्या नियमाने वाचले तर हरकत नोंदलेली असूनही नोंद प्रमाणनाकडे जाईल. एका वाचनात हरकतदाराची बाजू ऐकली जाते, दुसऱ्यात त्याला आपली जमीन दुसऱ्याच्या नावे गेल्याचे नंतर कळते. मिखाएल फॉन डेर बेक यांनी १९९४ मध्येच स्टेटचार्टच्या सुमारे वीस प्रकारांची तुलना करून ते कोठे कोठे भिन्न आहेत हे दाखवले होते. चित्र सारखेच आणि अर्थ वीस, अशी ती अवस्था होती.

चित्राला आकारिक अर्थ देणे म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, कोणती चित्रे वैध आहेत याचे नियम. दुसरी, गणितातील अशी एक सृष्टी, जिच्यातील वस्तूंविषयी शंका नसते. उदाहरणार्थ संच, संबंध, किंवा घटनांच्या क्रमांचा समूह. तिसरी, प्रत्येक वैध चित्राला त्या सृष्टीतील नेमकी कोणती वस्तू लागू होते हे सांगणारा नियम. तिन्ही गोष्टी दिल्या की ‘हरकत असताना प्रमाणन होऊ शकते का?’ हा प्रश्न मतभेदाचा राहत नाही. तो गणिताने सोडवता येतो.

यांपैकी पहिलीलाच अर्थ समजण्याची गल्लत फार झाली. हारेल आणि बर्नहार्ड रुम्पे यांनी २००४ मध्ये एका लेखात तक्रार केली ती हीच: भाषेच्या घटकांची यादी आणि त्यांच्या जोडणीचे नियम दिले की लोकांना वाटते अर्थही दिला. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द आहेत. फार्सी-अरबी संज्ञेला संस्कृत पर्याय, अशी त्याची रचना. कोणत्या पदाला काय म्हणावे हे त्यातून कळते. परंतु त्या पदावरील माणसाने केव्हा काय करावे आणि काय करू नये हे कळण्यासाठी पुढच्या शतकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे जावे लागते. पहिल्यात नावे ठरली, दुसऱ्यात आचरण सांगितले गेले. आपली आवश्यकता-पत्रके बहुधा कोशापाशीच थांबतात.

कायद्याच्या क्षेत्रात मात्र ही जाणीव जुनी आहे. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, स्वतः कोणताही हक्क देत नाही की कोणावर कर्तव्य लादत नाही. इतर कायद्यांतील शब्द कसे वाचावेत एवढेच तो सांगतो. कलम ९ म्हणते की अमुक दिवसा‘पासून’ म्हटले तर तो पहिला दिवस मोजू नये. कलम १० म्हणते की शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेले काम मुदतीत झाले असे मानावे. भिलाईच्या रेखाचित्रातील शंकूचे चिन्ह आणि हा कायदा एकाच जातीचे आहेत. आता पाहा: आवश्यकता-पत्रकातील बाणावर ‘१५ दिवस’ एवढेच लिहिले असेल, तर यंत्र नोटिशीचा दिवस मोजते की नाही? पंधरावा दिवस रविवारी आला तर सोमवारी सकाळी आलेली हरकत स्वीकारते का? कायद्यात याचे उत्तर शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. ते चित्रात उतरले की नाही, हे कोणी विचारल्याशिवाय कळत नाही.

नव्वदच्या दशकात हा प्रश्न विचारणारे गट उभे राहिले. १९९७ मध्ये काही युरोपीय आणि अमेरिकी संशोधकांनी ‘प्रिसाइज यूएमएल’ या नावाने एकत्र येऊन त्या भाषेच्या घटकांना गणिती अर्थ देण्याचे काम आरंभले. मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही पुढे यूएमएलच्या एका मर्यादित भागाला काटेकोर अर्थ दिला. त्याची पहिली आवृत्ती २०११ ची. सर्व भाषेला एकदम अर्थ देणे जमले नाही, म्हणून लहान पण पक्का गाभा निवडला गेला, ही त्यातील शिकण्यासारखी गोष्ट.

याहून बोधप्रद प्रसंग विमान-वाहतुकीचा आहे. विमानांची हवेतील टक्कर टाळणाऱ्या टीकॅस-२ या यंत्रणेच्या आवश्यकता लिहिण्याचे काम अमेरिकी विमान-वाहतूक प्रशासनासाठी चालले होते. एका बाजूला साध्या इंग्रजीत, तर दुसऱ्या बाजूला नॅन्सी लेव्हसन आणि त्यांचे सहकारी आकारिक अर्थ असलेल्या अवस्थाचित्रांच्या भाषेत लिहीत होते. अखेर इंग्रजी मसुदा सोडून देण्यात आला आणि आकारिक मसुदा टिकला. त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. तर्कशास्त्राची सूत्रे वैमानिकांना आणि अभियंत्यांना वाचता येईनात, तेव्हा लेव्हसन यांच्या गटाने अटींसाठी साधी कोष्टके केली: ओळीत अट, रकान्यात खरे किंवा खोटे. अर्थ गणिताइतकाच काटेकोर राहिला, वाचणे मात्र कोणालाही शक्य झाले. १९९४ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. काटेकोरपणा आला की सामान्य अधिकारी बाहेर फेकला जातो, हा आक्षेप त्यानंतर तितकासा टिकत नाही.

आपल्याकडे या विषयाचे मुख्य घर पुणे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये तेथे टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र स्थापन केले, टी.आर.डी.डी.सी. या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात काम केलेले मथाई जोसेफ विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे प्रमुख झाले. कंपनीला बँका, विमा आणि शासन यांच्यासाठी प्रणाली करायच्या होत्या. म्हणजे विमान किंवा अणुभट्टी नव्हे, तर अर्ज, खाती आणि मंजुऱ्या. या केंद्रातील उल्का श्रोत्री, पुरंदर भादुरी आणि आर. वेंकटेश यांनी २००३ मध्ये मांडलेला एक निबंध थेट आपल्या प्रश्नावर आहे: आवश्यकता चित्रांनीच लिहायच्या, पण त्या चित्रांना असा पक्का अर्थ द्यायचा की प्रणाली घडण्यापूर्वीच मॉडेल चेकर नावाच्या साधनाने त्यांतील विसंगती शोधता यावी. हे साधन चित्रातून निघणाऱ्या शक्य त्या सर्व वाटा चालून पाहते आणि नियम मोडणारी वाट सापडली तर ती पायरीपायरीने दाखवते. वरच्या फेरफाराच्या उदाहरणात ‘हरकत असताना प्रमाणन होता कामा नये’ असा नियम दिला, तर चुकीची वाट त्याने दाखवली असती.

त्याच केंद्रातून २०१४ मध्ये कोष्टकांची एक पद्धत पुढे आली, एक्सप्रेसिव्ह डिसिजन टेबल्स. त्यात कोष्टकाच्या घरात नुसती अट न लिहिता घटनांचा क्रमही लिहिता येतो, आणि तरीही अर्थ आकारिक राहतो. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने सॉफ्टवेअरचे आकारिक अभिकल्पन आणि पडताळणी यांसाठी एक केंद्र उभे राहिले. सप्टेंबर २००६ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि आकारिक पद्धती या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यातच भरली. जगातील या विषयाची चर्चा आपल्या अंगणात झाली. आपल्या खात्यांच्या निविदांमध्ये मात्र तिची सावलीही क्वचितच दिसते.

अर्थ न तपासल्यास काय होते, याचे एक सार्वजनिक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे २०१५ ते २०१९ या काळात समाजकल्याणाच्या लाभार्थ्यांकडून जादा दिलेली रक्कम वसूल करणारी एक योजना चालली. लोक तिला रोबोडेट म्हणत. लाभाचा हक्क पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत होता. करखात्याकडील आकडा वर्षाच्या उत्पन्नाचा होता. त्याला २६ ने भागून आलेली सरासरी हेच पंधरवड्याचे उत्पन्न मानले गेले, आणि हंगामी काम करणाऱ्या गरीब माणसांवर न घेतलेल्या पैशांची कर्जे निघाली. २०१९ मध्ये न्यायालयात ही रीत बेकायदा ठरली, २०२० मध्ये परताव्याची घोषणा झाली आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने अत्यंत कठोर अहवाल दिला. हा दोष कोणा प्रोग्रामरच्या गैरसमजाचा नव्हता. निर्णय प्रशासनाचाच होता. म्हणूनच मला तो येथे महत्त्वाचा वाटतो. दोन चौकटींवर ‘उत्पन्न’ हा एकच शब्द होता. त्या दोन उत्पन्नांचे अर्थ लेखी आणि काटेकोर मांडावे लागले असते, तर एकाच्या जागी दुसरे ठेवणे ही नुसती तांत्रिक सोय आहे असे कोणालाही म्हणता आले नसते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. प्रशासनातील प्रत्येक शब्द काटेकोर करू नये. ‘पुरेसे कारण’ असेल तर विलंब माफ करावा, असे कायदा म्हणतो तेव्हा पूर आला, आजारपण आले, पोस्टमन आलाच नाही, या सर्वांसाठी तो जागा ठेवतो. यंत्राला समजावे म्हणून त्या जागी पाच कारणांची यादी टाकली, तर सहाव्या कारणाचा माणूस दारातूनच परत जातो. विवेकाधिकार हा आपल्या व्यवस्थेतील दोष नसून तिची माणुसकी आहे.

परंतु आकारिक अर्थ देणे म्हणजे सगळे बंद करणे, ही समजूत बरोबर नाही. या शास्त्रात एखादी गोष्ट मुद्दाम मोकळी ठेवता येते: ‘येथे दोन्ही वाटा वैध आहेत, निवड बाहेरचा माणूस करील’ असे गणितातच लिहिता येते. साध्या चित्रात मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा आणि विसरून राहिलेली जागा सारखीच दिसते. दोन्ही कोऱ्याच असतात. आकारिक चित्रात त्या वेगळ्या दिसतात. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे प्रशासनाला मिळणारे मोठे फळ हेच आहे. विवेकाधिकार कोणाचा आणि कोठे, हे त्यामुळे उघड राहते, आणि विसरलेली जागा कोणीतरी गुपचूप भरून टाकण्याआधी सापडते.

आपल्या अधिकाऱ्यांनी संच आणि तर्कसूत्रे शिकावीत असे मी म्हणणार नाही. तीन गोष्टी मात्र आजच्या व्यवस्थेतही करता येतील. आवश्यकता-पत्रकातील चित्रे कोणत्या भाषेत आणि तिच्या कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी वाचायची, हे पहिल्या पानावर लिहून घ्यावे, शंकूच्या चिन्हासारखे. ज्या नियमांवर कोणाचा हक्क, पैसा किंवा जमीन अवलंबून आहे, तेवढे नियम तरी कोष्टकांत मांडून घ्यावेत, आणि एकही ओळ दोन उत्तरे देत नाही ना, एकही शक्यता उत्तराविना राहत नाही ना, हे तपासून घ्यावे. हे काम आजची साधने थोड्या वेळात करतात. तिसरी गोष्ट, जेथे निर्णय माणसाने घ्यायचा आहे तेथे ‘निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा’ असे पदनामासह लिहावे आणि यंत्राने तेथे थांबावे अशी अट घालावी.

फेरफाराच्या नोटिशीवर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला या चौकटी कधी दिसणार नाहीत. आत कोणता बाण श्रेष्ठ मानला गेला, हे त्याला विचारताही येणार नाही. त्याच्या वतीने तो प्रश्न विचारण्याची संधी एकदाच येते, सही करण्यापूर्वी. आणि ती आपल्याकडे असते.